ताईने परत केलेली गाडी

माझी थोरली बहीण भित्री आहे, हे आमच्या घरात कोणी लपवून ठेवत नाही. कुलूप लावून चार पायऱ्या उतरली की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघते. बँकेत पैसे काढले की खिडकीतल्या माणसालाच विचारते, बरोबर आहेत ना? या स्वभावावरून आम्ही तिला पुष्कळ हसलो. मी तर सगळ्यात जास्त.

मेहुणे लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. ताईने घरी काजं-बटणं करायला घेतली. एक कंत्राटदार गणवेशाच्या कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे पाठवायचा. गठ्ठा घेताना त्याच्या वहीत सही करायची आणि माल परत गेला की तो त्या सहीवर लाल रेघ मारायचा. आजारी पडली तर न शिवलेला गठ्ठासुद्धा तसाच परत जायचा. रेघ मारली की विषय संपला. ना तो काही विचारायचा, ना ही काही सांगायची. अशी अठरा वर्षं काढल्यावर तिला इस्पितळाच्या शिवणखात्यात नोकरी लागली. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. त्या पगारातून तिने दोन खोल्यांचं घर घेतलं, स्वतःच्या नावावर. त्या घराइतका जीव तिचा कोणत्याही माणसावर नसेल, एक माझा मुलगा सोडून.

या मुलाला भाड्याने चालवायला गाडी घ्यायची होती. कर्ज देणाऱ्या कंपनीला पगारदार जामीनदार हवा होता. माझ्याकडे कसला पगार? मी आयुष्यभर घरोघरी स्वयंपाक करून दुसऱ्यांची पोटं भरली, त्याची पावती कोणी देत नाही. मग आम्ही दोघं ताईकडे गेलो. मुलगा म्हणाला, "मावशी, नुसती फॉर्मपुरती सही." मीही री ओढली. मला जास्त काही माहीत होतं असं नाही, पण विचारलंही नाही. न विचारण्यात माझी सोय होती, हे आता कबूल करते. ताईने दाखवतील तिथे सह्या केल्या. मुलाने गाडीची दुसरी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, अर्धी गाडी तुझीच समज. तिने ते खरंच तसं समजलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग मुलाची कंबर धरली, डॉक्टरांनी दोन महिने अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं आणि तीन हप्ते थकले. उशीर झाला तर दंड भरू, असा त्याचा हिशोब. कंपनी मावशीला गाठेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

आधी फोन आले. बोलणारी बाई फार गोड बोलायची, म्हणून ताईला जास्त भीती वाटायची. मग एक दिवस दोन माणसं थेट शिवणखात्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन मोठ्याने चौकशी करू लागली. शिवणयंत्रं एकेक करून थांबली. त्यातल्या एकाने जाता जाता विचारलं, राहतं घर कोणाच्या नावावर आहे? पुढचा झगा ताईने उलटा शिवला.

त्या दिवसापासून ती घरात दिवा न लावता बसू लागली. दारावरच्या घंटीत तिने चिंध्या कोंबल्या, म्हणजे वाजली तरी मोठ्याने वाजू नये. जिन्यात पावलं वाजली की श्वास रोखून मोरीत जाऊन उभी राहायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवसांत मी दोनदा तिच्या दारावरून परत आले आणि घरी येऊन म्हणाले, ही बया हल्ली कुठे भटकत असते कोण जाणे. ती आतच होती. मी हाक मारली असती तर तिने आवाज ओळखला असता, पण मी घंटी दाबून चालती झाले.

मुलगा हिंडूफिरू लागल्यावर पूर्वी ज्याची गाडी चालवायचा त्या जुन्या मालकाकडे उचल मागायला दुसऱ्या गावी गेला. कंबर अजून दुखत होती म्हणून बसने गेला, गाडी आमच्या दाराशी ठेवून. त्याच दुपारी ताईने इस्पितळाच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला बरोबर घेतलं, दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू करवली आणि स्वतः मागच्या सीटवर बसून ती कंपनीच्या आवारात नेऊन उभी केली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झालेली. तिथल्या कारकुनाने लिहून आणलेल्या कागदावर तिने सही केली आणि त्याला विनवलं, आता माझ्या जुन्या सहीवर रेघ मारा. तो हसला आणि शिक्का मारून एक पावती दिली. शिक्का बघून तिचं समाधान झालं. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी झोपली. सकाळी उठून घंटीतल्या चिंध्याही काढल्या.

मुलगा त्याच सकाळी परतला, खिशात उचल घेऊन. दाराशी गाडी नाही. आदल्या संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हाही ती नव्हती, मला वाटलं हाच मध्ये येऊन घेऊन गेला असेल. त्याला वाटलं मी कोणाला दिली असेल. तो पोलिसांकडे धावला आणि मी ताईला फोन केला, गाडी चोरीला गेली म्हणून.

"चोरी नाही गं," ताई म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता. "मी परत केली. सुटलो आपण सगळे."

मी मुलाला फोन करून पोलिसांकडून परत बोलावलं.

आम्ही तिघं कंपनीत गेलो. टेबलामागचा साहेब वयाने माझ्या मुलाएवढाच. त्याने ताईची पावती वाचून दाखवली: गाडी स्वखुशीने ताब्यात दिली. आता तिचा लिलाव होणार, येईल ती किंमत कर्जातून वजा होणार आणि उरलेली रक्कम मुलगा आणि ताई दोघांकडून एकदम वसूल होणार.

ताईला कळेना. "मग मी परत काय केलं?"

"गाडी," साहेब म्हणाला. "कर्ज नाही."

ती खुर्चीत मागे सरकली. मी तिचा हात धरला. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. त्याची रोजीरोटी तिने आपल्या हाताने नेऊन दिली होती, आणि त्याने तिला काय सही करायला लावलं हे त्यालाही आत्ताच समजत होतं.

एक वाट होती. लिलावाला दहा दिवस अवकाश होता. आणलेल्या उचलीतून दोन हप्ते आणि दंड भरला, तिसरा पुढे ढकलून नवे हप्ते बांधून घेतले, तर गाडी सुटत होती. पण त्यासाठी नवा कागद, चार वर्षांचा, आणि त्यावर जामीनदाराची नव्याने सही.

"मावशी, तू करू नकोस," मुलगा म्हणाला. "मी दुसरं कोणीतरी बघतो." दुसरं कोणी नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

ताईने साहेबाला सगळा कागद मोठ्याने वाचायला लावला. मध्ये मध्ये थांबवून विचारत होती. याने नाही भरलं तर मी? हो. माझ्या पगारातून? हो. घरावर येऊ शकतं? कोर्टात गेलं तर, हो. प्रत्येक 'हो'ला तिची मान थोडी खाली जात होती.

"आणि मी मेले तर?"

साहेबाने कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, तुमच्या मागे जे राहील त्यातून.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे चार वर्षं मरायची सोय नाही," ती म्हणाली आणि पेन मागितलं.

तिची पहिली सही साहेबाने नाकारली, जुळत नाही म्हणून. दुसरी करायला ती वाकली तेव्हा मी तिला थांबवू शकले असते. माझी बहीण काय भोगून आली होती ते मला तोवर कळलं होतं. पण मुलगा माझा होता. मी कागद हलू नये म्हणून तो दोन्ही हातांनी दाबून धरला.