भेस्तान ते साक्री, गॅसच्या गाडीनं

मायला सुरतेला, भेस्तानच्या आमच्या घरी आणायचं असं आम्ही तीन वर्षं ठरवत होतो. ती साक्रीजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची आणि खोकायची. छातीच्या डॉक्टरला दाखवणं भाग होतं, पण एस.टी.त बसली की डिझेलच्या धुरानं तिला उबळ यायची. एकदा नवापूरलाच उतरून ती उलट्या गाडीनं परत गेली होती. तेव्हा मी ठरवलं, की धूर न करणारी गाडी घ्यायची आणि तिच्यातून मायला आणायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, प्लेगनंतर सुरत धुऊनपुसून स्वच्छ झाली त्या सुमाराची. पर्याय तीन होते. डिझेलची जीप स्वस्त पडायची, पण चौकात ती उभी राहिली की मागचा स्कूटरवाला दिसेनासा व्हायचा. पेट्रोलची गाडी बरी, पण पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं आणि ते मी कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं. तिसरा पर्याय म्हणजे जुन्या पेट्रोल गाडीला बसवलेलं गॅसचं किट. सुरतेत नळाचा गॅस आला होता आणि गाडीत भरायच्या गॅसचे मोजके पंपही सुरू झाले होते. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर सुपरवायझर होतो. दिवसभर कोळसा जाळून संध्याकाळी स्वच्छ हवेवर वाचन करणारा माणूस त्या मिलमध्ये मी एकटाच होतो.

किट बसवणारे महेशभाई मला म्हणाले, ‘काका, हवा-बवा छोडो, एवरेज जुओ.’

मी एवरेज पाहिलं नाही. एक बिस्किटी रंगाची जुनी गाडी पसंत केली आणि पक्की करण्याआधी चार दिवस चालवून बघतो म्हटलं. महेशभाई हो म्हणाले, कारण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. मी आणि माझी बायको सुनंदा. ती नाशिकची, तिला अहिराणी कळते पण बोलत नाही. निघताना डिकी उघडली तर तिथं टाकी. आख्खी डिकी टाकीनं भरलेली. खानदेशी माणूस सुरतेहून गावी निघाला की गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक गाठोडं येतं. कुणाच्या बहिणीला साड्या, कुणाच्या वडलांना शर्टाचं कापड. नाही म्हणायची पद्धत नाही. अकरा गाठोडी आली. ती मागच्या सीटवर ठेवली, उरलेली सुनंदाच्या मांडीवर.

‘परत येताना माय कुठे बसणार?’ तिनं विचारलं.

‘परत येताना गाठोडी नसतील.’

‘गावाकडून तांदूळ-डाळ येतील,’ ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

पंपावर रिक्षांच्या रांगेत पाऊण तास गेला. हा पाऊण तास वेळापत्रकात धरा. लोचो हा सुरती नाश्ता खाऊन घ्या, रांग हलत नाही. नंतर पलसाणा आलं. आमच्या मिलची चिमणी लांबूनच दिसली आणि त्या दिवशी तिचा धूर जरा जास्तच काळा होता. माझ्या गैरहजेरीत पोरं हवा कमी सोडतात, त्यामुळं कोळसा नीट जळत नाही. मी तसं सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, ‘हजेरीतही काळाच असतो.’

बारडोलीला साखर कारखाना चालू होता. उसाच्या गाड्यांमागून जायला अर्धा तास लागला, पण त्या गोड, आंबूस वासात गाडी खरंच आवाज न करता चालली. गॅस गळतो का ते बघायला मी दर थांब्याला उतरून साबणाच्या पाण्यानं टाकीचे सांधे तपासत होतो. बॉयलरवाल्याला ही सवयच असते. व्याऱ्याच्या चहावाल्यानं मी गाडी धुतोय असं समजून बादली आणून दिली.

सोनगडच्या पुढं गॅस संपला.

पुढचा गॅसपंप कुठे, असं मी एका ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘सुरत.’

हे आधी माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण आपण स्वच्छ गाडी घेऊन निघालोय या भरात डोक्यात शिरलं नव्हतं. खटका फिरवून पेट्रोलवर आलो. कोंडाईबारीच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढली, कारण मागं ती रिकामी लोखंडी टाकी होती आणि अकरा गाठोडी. धूर होऊ नये म्हणून बसवलेली टाकी वाहून न्यायला मी जास्तीचं पेट्रोल जाळत होतो. सुनंदाला हे कळलं होतं. ती बोलली नाही, हे तिचे उपकार.

गावात पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. माय आरतीचं ताट घेऊनच दारात उभी होती. नवी गाडी दारात आली की तिला ओवाळायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा. बॉनेटला हळद-कुंकू लावून ती पेटलेला कापूर घेऊन डिकीकडे निघाली. देव टाकीत आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं असावं.

‘माय, इस्तो दूर ठेव,’ मी आडवा गेलो. विस्तव जवळ आणू नको, एवढंच मला म्हणायचं होतं. टाकी रिकामी होती, तरी नियम म्हणजे नियम.

‘इस्तोले मी आते भ्यासू का?’ ती म्हणाली आणि तिनं लांबूनच ओवाळलं.

संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी करायला बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. सरपण ओलं होतं. ती फुंकणीनं फुंकत होती, खोकत होती, पदरानं डोळे पुसत होती आणि परत फुंकत होती. मी पाटावर बसून तिला गाडी समजावून सांगत होतो. डिझेलच्या धुरात काय असतं, पेट्रोलमधलं शिसं पोरांच्या रक्तात कसं जातं, गॅस जळतो तेव्हा काजळी कशी धरत नाही. तिच्या छातीसाठी मी मुद्दाम हीच गाडी निवडली, हेही सांगितलं. मी चांगलं समजावतो. मिलमध्ये नव्या लोकांना मीच समजावतो.

माय सगळं ऐकून घेत होती. भाकरी उलटून ती म्हणाली, ‘म्हंजे धूर वाईट ऱ्हास, हाई तुले मालूम व्हतं.’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच एक माहिती मिळाली होती. भेस्तानच्या घरी आमच्या ओट्याखाली गॅसचा दुसरा सिलिंडर भरून ठेवलेला असायचा, पहिला संपला तर अडू नये म्हणून. गेली पाच-सहा वर्षं तो तिथंच होता. गावात मायच्या नावानं कनेक्शनसाठी नंबर लावावा, हेही माझ्याकडून झालेलं नव्हतं. मला लाज वाटली. भाकरी मात्र चार खाल्ल्या.

आता येईल की नाही, याची मला धास्ती होती. रविवारी पहाटे बघतो तर माय पिशवी घेऊन गाडीत बसलेली.

‘इतला गॅस भरीसन उना तू,’ ती म्हणाली. ‘नही कसं म्हनू?’

शेजारी तांदळाचं पोतं होतं. घाट उतरताना तिनं विचारलं, ‘हाई गॅसवर चाली राहिनी ना?’

‘हो,’ मी म्हणालो. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. सुरतेपर्यंत माय एकदाही खोकली नाही, आणि गाडी सुरतेपर्यंत पेट्रोलवरच होती.

आता वाचणाऱ्यांच्या कामाचं. हल्ली मला लोक हायब्रिड घेऊ का, इलेक्ट्रिक घेऊ का, सीएनजी घेऊ का असं विचारतात. मी सांगतो, रोजच्या रस्त्यावर ते इंधन मिळतं का ते आधी बघा, आणि ते मिळत नसेल तर नुसतं ओझं वाहायचं आहे का ते ठरवा. गाडी मी घेतली. शहरात गॅसवरच चालवली आणि त्याचा मला आनंदच झाला. रस्ता आता चांगला झालाय, घाटात पूर्वीसारखं रडावं लागत नाही. दुसरा सिलिंडर आणि जुनी शेगडी महिन्याभरानं मी स्वतः गावी पोचवली. कळण्याची भाकरी गॅसवर फुगत नाही, अशी मायची तक्रार होती, पण ती शेगडी वापरायची.

डॉक्टरांकडचं सांगायचं राहिलं. सोमवारी मायला घेऊन गेलो. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढं धरला, बराच वेळ बघितला, आणि मला हिंदीत विचारलं, ‘माँजी बीड़ी कितने साल से पी रही हैं?’

मायला ‘बीडी’ तेवढं कळलं. पदर सावरून ती माझ्याकडं वळली.

‘बीडी मी कधी हातमा धरी नही,’ ती म्हणाली. ‘पोऱ्यासले भाकरी करी दिन्ह्यात, इतलंच.’

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत त्या.

‘नहीं पीतीं,’ मी सांगितलं. भाकरीचं गाळलं.