गोलपोस्टामागची मावशी

"एकटीच उभी हाय गो ती," असं म्हणायचं, गवतावर टेकवलेली पाटी उचलून डोक्यावर ठेवायची आणि सामना चालू असताना मैदानाच्या बरोबर मधून चालत पलीकडच्या गोलपोस्टाकडे जायचं, ही मावशीची रीत. पंच जीव खाऊन शिट्टी वाजवत. ती वळूनही बघत नसे. एसटी मागे घेताना कंडक्टर वाजवतो ती शिट्टी ऐकत तिचा जन्म गेला होता. चाक आपल्या अंगावर येत नाही एवढं बघायचं, बाकी शिट्टीशी आपला संबंध नाही, असा तिचा हिशेब.

पलीकडे उभी असायची ती समोरच्या संघाची गोलकीपर. पोरी तिला गोली म्हणतात. आमच्या महाडच्या कॉलेजचा मुलींचा हॉकी संघ तेव्हा असा होता, की चेंडू सहसा समोरच्या गोलीपर्यंत पोचत नसे. त्यामुळे ती बिचारी कमरेवर हात ठेवून ढग बघत उभी असायची. मावशीला ते बघवत नसे. ती पाटीतली काकडी काढायची, विळ्यासारख्या छोट्या कोयत्याने चिरायची, कनवटीची मिठाची पुडी सोडायची आणि जाळीतून हात घालून म्हणायची, "खा गो. तुजं नाव काय? घरला कोन कोन असतं?"

मी मराठी शिकवते. हॉकीतलं मला तेव्हा कळत नव्हतं आणि आताही कळतं असं नाही. मुलींच्या संघाबरोबर एक बाई हवी असा नियम आहे आणि स्टाफरूममध्ये त्या दिवशी मी दाराजवळ बसले होते. त्यामुळे मी व्यवस्थापक झाले. बाकी सगळं आमचे क्रीडाशिक्षक सर बघत. सर मनाने फार चांगले आणि आशावादी. आशावादी असल्याशिवाय त्या संघाला शिकवणं शक्यच नव्हतं.

मावशी पहिल्यांदा मैदानावर आली ती भांडायला. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला तिची वाडी. महाडच्या बाजारात ती भाजी विकायला बसायची आणि तिची मुलगी सुजाता आमच्याकडे शिकायची. संध्याकाळच्या गाडीने दोघी मिळून वर जात. एक दिवस सुजाता स्टँडवर आली नाही म्हणून ही शोधत आली. बघते तर बाकीच्या पोरी मजेत धावताहेत आणि आपली पोर पायांना गाद्या बांधून, तोंडावर जाळी लावून एका टोकाला एकटी उभी.

ती सरांपुढे जाऊन उभी राहिली. "काय केलंन माज्या पोरीनं?"

सरांना वाटलं, प्रगती विचारतेय. "छान करते हो. तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

"मंग तिला खेळायला का नाय घेत? कोपऱ्यात उभी केलीत ती शिक्षा कशाची?"

सरांनी तिला गोलकीपर म्हणजे काय ते समजावलं. काठीने मातीत चौकोन काढून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे समद्यांनी मिळून घालवायचं आन् हिनं एकटीनं निस्तरायचं." आमच्या संघापुरतं ते खरंच होतं.

त्या दिवसापासून सुजाता एकटी राहू नये म्हणून ती रोज गोलपोस्टामागे येऊन बसू लागली. बसली की गप्पा सुरू. भाव काय लागला, गाभण म्हैस कशी आहे, चुलत्याने मुंबईहून काय निरोप धाडलाय, सगळं जाळीपलीकडून. सुजाता चेंडूकडे बघत हुंकार द्यायची. कधी ओरडायची, "आये, गप बस ना जरा, कॉर्नर हाय." मावशी गप बसायची आणि तेवढ्यात एक फोड पुढे करायची. एकदा सुजाताच्या तोंडात काकडी असताना गोल झाला. सर धावत आले. मावशी म्हणाली, "तोंडात व्हती, हातात नव्हती. मंग हातांनी का नाय अडवलान?" सरांनी त्या दिवशी सराव लवकर संपवला.

तिची कीव फक्त आपल्या पोरीपुरती राहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पहिल्या मित्रत्वाच्या सामन्यात तिला दिसलं, की पलीकडेही तशीच एक उभी आहे. आणि मग ती मैदानातून चालत निघाली.

आता ज्या हंगामाची गोष्ट सांगायची त्याकडे येते. त्या वर्षी कॉलेज उघडल्यावर प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हे, पण तीन वर्षं संघाने एकही सामना जिंकला नव्हता. ते म्हणाले, "यंदा एक तरी जिंका. नाहीतर पुढच्या वर्षीपासून हॉकी बंद. मैदानाचा तेवढा भाग गाड्या लावायला होईल."

तुम्ही म्हणाल, बंद झाली तर काय बिघडलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मैदानावर मी दोन वर्षं उभी राहिले होते. या पोरी पहाटे उठून पाणी भरून, भाकऱ्या थापून, उभ्याने प्रवास करून कॉलेजात येत आणि घरी जाऊन पुन्हा कामाला लागत. संध्याकाळचे हे दोन तास तेवढे त्यांचे स्वतःचे होते. तिथे त्या मोठ्याने हसत, मोठ्याने भांडत. सुजाता मला म्हणाली होती, "हॉकी नसली तर मी दुपारच्या गाडीनं वर, मॅडम. आन् गवत कापायला." ते दोन तास जाणार होते.

सर कंबर कसून तयारीला लागले आणि भाताची लावणी आली.

लावणीला पोर घरी नाही, असं आमच्याकडे होत नाही. दोन-चार दिवसांत मैदानावर शहरातल्या तीन मुली, सर, मी आणि एक कुत्रं एवढे उरलो. सर गवतावर बसून राहिले. मावशी त्या दिवशी बाजाराला आली होती. ती त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "पोरी किती ठिकानच्या हायत? मंग सावड करा की."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. दिवसाची फेड दिवसाने. डोंगरातल्या वाड्या याच रीतीवर उभ्या आहेत. मावशीचं म्हणणं असं, की सगळा संघ एकेकीच्या शेतात उतरला तर लावणी लवकर आटपेल, पोरीही एकत्र राहतील. वर म्हणाली, "येताना त्या काठ्या बी आना."

असा आमचा हंगामपूर्व सराव सुरू झाला. दिवसभर चिखलात वाकून लावणी आणि संध्याकाळी शाळेच्या अंगणात नाहीतर मंदिरापुढे हॉकी. सर आवण, म्हणजे भाताची रोपं, हातात धरून पोरींना सांगत, "बघा, हॉकीत असंच खाली वाकून राहायचं असतं." पोरी म्हणत, "सर, तुमचं आवन उलटं लागलंय." शहरातल्या तिघी पहिल्या दिवशी रडल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांत पुढे होत्या. मी बांधावर उभी राहून व्यवस्थापन करणार होते. मावशीने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "बाई एकटीच उभी हाय गो." पोरींनी मला हाताला धरून चिखलात ओढलं. माझी एक चप्पल अजून त्या शेतात आहे.

खरं सांगते, इतकी मजा मला कुठल्याही चर्चासत्रात आली नाही.

मग त्या हंगामातल्या आमच्या शेवटच्या सामन्याचा दिवस उजाडला; आधीचे हरून झाले होते. कशेडी घाटापलीकडच्या एका कॉलेजचा संघ आमच्या मैदानावर यायचा होता. प्राचार्य स्वतः खुर्ची टाकून बसले होते. पोरी एकसारख्या रिबिनी बांधून तयार. आणि पलीकडून आल्या फक्त पाच मुली आणि त्यांच्या शिक्षिका. घाटात दरड आली होती. यांची गाडी कशीबशी पुढे निघाली आणि बाकीच्यांची जीप पलीकडे अडकली.

पंचांनी घड्याळ पाहिलं. वेळेत संघ पुरा झाला नाही तर यजमानांना पुढे चाल, म्हणजे न खेळता विजय. आमच्या पोरींच्या डोळ्यांत दिवे लागले. सर माझ्या कानात कुजबुजले, "जिंकलो हो मॅडम." तीन वर्षांत पहिल्यांदा घास हातातोंडाशी आला होता.

मावशी तोवर पलीकडच्या गोलपोस्टाशी पोचली होती. त्यांची गोली रडत होती. तिला काकडी देऊन, चौकशी करून ती मैदानातून चालत परत आली ती थेट सरांकडे.

"त्यांच्यात पोरी कमी हायत. आपल्या द्या की दोन-तीन."

सर म्हणाले, "मावशी, तसं चालत नाही. नियम असतो."

"मंग थांबा. येतायत त्या. चिखल तुडवत चालत निघाल्यात, त्या पोरीला फोन आला."

"थांबलो तर आपला विजय जाईल."

मावशीला हे काही केल्या कळेना. "दुसऱ्याची लावनी ऱ्हायली म्हनून आपली झाली, असं असतं काय?" असं ती सरांना, मग पंचांना आणि मग प्राचार्यांना विचारून आली. प्रत्येकाला एकेक फोड दिली. पंच काकडी खात म्हणाले, "यजमानांची हरकत नसेल तर मी थांबतो."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी संघाकडे पाहिलं. ते दोन तास, ते हसणं, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं आणि ते प्रत्येकीला ठाऊक होतं. शेवटी सुजाताने तोंडावरची जाळी वर केली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. म्हणाली, "थांबूया सर. नायतर आये आज जेवायची नाय."

आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने विटांच्या टेम्पोत उभ्या राहून त्या आल्या, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. पाय धुतले आणि खेळायला उतरल्या.

आम्ही दोन विरुद्ध एक असे हरलो.

तो एक गोल आमचा त्या वर्षातला पहिला. तो झाला तेव्हा मावशी त्यांच्या गोलीची समजूत घालत होती. सामना संपला. आमच्या पोरी गवतावर बसून राहिल्या. सुजाता पायाच्या गाद्या सोडत होती आणि तिला गाठ सुटत नव्हती. प्राचार्य खुर्चीवरून उठले, घसा खाकरला. आता ते काय बोलणार ते आम्हाला माहीत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या शिक्षिका प्राचार्यांपुढे आल्या. म्हणाल्या, "सर, तुमचा दिवस आम्ही ठेवून घेणार नाही. गणपती होऊ द्यात, आम्ही परत येतो खेळायला." त्याही कोकणातल्याच.

मावशी प्राचार्यांशेजारीच पाटी आवरत होती. "सावडच हाय ती, सायेब. पावनी येनार आन् आपल्या घरात कोन नाय, असं व्हायला नको."

प्राचार्य हे पोलादपूरच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. सावड म्हटल्यावर त्यांना पुढे बोलता येईना. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "येऊ द्या मग."

त्या आल्या. मग त्यांचा दिवस फेडायला आम्ही घाट उतरून तिकडे गेलो. मग त्या पुन्हा आल्या. दर वर्षी कुणा ना कुणाचा दिवस अंगावर असतोच, त्यामुळे आमची हॉकी बंद करायला प्राचार्यांना अजून मुहूर्त सापडलेला नाही. मध्ये आम्ही जिंकलोही दोनदा. पण ते आता कोणी विचारत नाही.

सुजाता नोकरीला लागून पनवेलकडे गेली. मावशीचे गुडघे डोंगर चढेनात, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने आईला तिकडे नेलं. मला वाटलं होतं, सातव्या मजल्यावर ही बाई कोंडून जाईल. परवा फोन केला तर सुजाता हसत होती. "आये घरात नसतेच, मॅडम. सकाळी खाली जाते ती गेटाजवळ." मग मावशीने फोन घेतला.

"हितं बी एक गोली हाय, बाई. वाचमन. बिहारचा हाय, भाषा कळत नाय. दिवसभर एकटाच उभा असतो."

"काकडी मिळते का तिथे?"

"मिळते. चव नाय."

यंदा लावणीत पोरींनी पहिली पाळी मावशीच्या शेताची धरली. गेल्या आठवड्यात मैदानावर सराव सुरू झाला. नवी गोली पोलादपूरचीच आहे, बारीकशी, गाद्यांमध्ये हरवून जाते. बाकीच्या पलीकडच्या टोकाला गलका करत होत्या आणि ही कमरेवर हात ठेवून ढग बघत होती. गोलपोस्टामागे जिथे मावशीची पाटी टेकत असे, तिथे आता गवत चांगलं वाढलंय.

मी डब्यात काकडी नेली होती. मैदानाच्या मधून जायचा धीर झाला नाही, कडेने वळसा घालून गेले. जाळीतून एक फोड पुढे केली. तिने ती तोंडात टाकली, दोनदा चावली आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "मीठ?"