हिरवं नारळपाणी आणि काउंटरची खुर्ची

बालाजीमामांच्या गॅरेजात पत्र्याचा एक डबा आहे. गाडी पुन्हा जोडून झाल्यावर उरलेले नट-बोल्ट त्यात पडतात. (उरतात कसे, हे मामांना विचारायचं नाही!) किश्श्यांचंही तसंच होतं. गाडी जाते, किस्सा मागे राहतो. नांदेडच्या या गॅरेजात मला दोन वर्षं झाली, आणि माझ्या डब्याला आता झाकण बसेना. म्हणून आज थोडा रिकामा करते.

आधी ओळख. मी वर्षा, मामांची सख्खी भाची, मेकॅनिकलचा डिप्लोमा. कपड्यांना ग्रीस, हातात पाना, तरी येणारा प्रत्येक जण मला विचारतो, "बाळा, उस्ताद कुठं हायत?"

एका कंत्राटदारांनी तर कहर केला. मी त्यांच्याच गाडीचं बोनेट उघडून उभी, आणि हे म्हणतात, "माय, दोन चहा सांग की!" मी चहा सांगितला आणि तो येईपर्यंत त्यांचा बेल्ट बदलून ठेवला. त्यांनी चहा एका घोटात संपवला आणि गाडी घेऊन निघून गेले. एक शब्द नाही!

०००

मग आले नायगावचे जाधव सर. हायस्कूलला विज्ञान शिकवतात. गाडी जुनी, पण पोटच्या पोरासारखी जपलेली. तक्रार एकच. गाडी तापते आणि रेडिएटरमधलं पाणी गायब होतं. दुसऱ्या एका मेकॅनिकनं त्यांना सांगितलं होतं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंग, गेलंय, अख्खं इंजिन खोलावं लागेल.

मामांनी तासभर इंजिन चालू ठेवलं. दहा वेळा खाली वाकून बघितलं. थेंब नाही!

"भाईर गळत न्हाई, म्हंजी पाणी आतच जळून राहिलंय," मामा म्हणाले. "गॅस्केटच हाय."

मला मात्र वॉटर पंपाजवळ कूलंटचा, म्हणजे रेडिएटरच्या रंगीत पाण्याचा, वाळलेला हिरवट डाग दिसला होता. "मामा, मला पंप वाटतोय."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "गॅस्केट निघालं तर पाना खाली ठेवायचा. उद्यापासून काउंटरवर बसायचं, फोन घ्यायचे, वहीत गाड्यांचे नंबर लिहायचे. कबूल?"

"आणि पंप निघाला तर?"

"मग बघू की!"

मी कबूल म्हणाले. पण काउंटरची ती लाल खुर्ची मला डोळ्यांसमोर नको होती. घरच्यांशी भांडून मी पाना हातात घेतला होता.

०००

मी सरांना विचारलं, "घरी गाडीखाली कधी ओलं दिसतं का?"

सर म्हणाले, "छे!" पण सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "दिसतं की! दर शनिवारी मी गाडीपुढं नारळ फोडते ना, त्याचं पाणी असतंय."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"मंगळवारपर्यंत ओलंच ऱ्हातंय बगा. वाळतच न्हाई."

एप्रिल महिना! आमच्याकडे धुतलेली चादर दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळते, आणि शनिवारचं नारळपाणी मंगळवारपर्यंत ओलं!

"काकू, रंग कसा असतो त्याचा?"

"हिरवट," काकू म्हणाल्या. "कवळा नारळ असंल, म्हनलं."

सरांनी कपाळावर हात मारला. मी मामांकडे बघितलं. मामा पंख्याकडे बघत होते.

०००

पण मामा हार मानणारे नव्हेत. "घरी गळतंय तर हितं कामून गळत न्हाई?"

याचं उत्तर मला हातांचं ग्रीस घासता घासता सापडलं. गाडी यायची ती तापूनच यायची. सगळ्यांनी तपासली ती गरम असताना. पंपाचं सील गरम झालं की फुगून बसतं, थंड झालं की आकसतं आणि गळायला लागतं. मी गाडी रात्रभर ठेवून घेतली. इंजिनखाली पांढरा कागद हवा होता, पण गॅरेजात होत्या फक्त लग्नपत्रिका. लग्नसराई होती, गिऱ्हाइकांनी मामांना दिलेल्या वीसेक तरी असतील. त्यांच्या कोऱ्या पाठी वर करून मी त्या ओळीनं मांडल्या.

सकाळी शटर उघडल्याबरोबर मी जमिनीवर आडवी झाले. एकोणीस पत्रिका कोरड्या. बरोबर पंपाखालची विसावी हिरवीगार!

मामांनी ती उलटून नाव वाचलं. "हदगावचं लगीन. पोरगं भिजलं की गं!"

०००

टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मी पंप निरखला. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी टपकतं आणि मालकाला कळतं. इथे त्या भोकात चक्क पांढऱ्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, गोळा ठासलेला! तो अर्धा सुटला होता, आणि त्या फटीतून थेंब येत होता.

सर आणि काकू गाडी न्यायला आले, तेव्हा मी विचारलं, "सर, हे कोणी केलं?"

सर अभिमानानं म्हणाले, "मीच! दसऱ्याला गाडी धुताना दिसलं. कंपनीवाले बुजवायचं विसरले, म्हटलं आपण बुजवू!"

मला हसू आवरेना. "सर, वर्गात एक पोरगं हात वर करून उभं होतं, आणि तुम्ही त्याचा हात बांधून टाकला!"

 काकू खदाखदा हसल्या.

०००

पंप बदलायला सरांचे मेव्हणे पण हजर. दुष्काळी लातूरचे. मी जुनं कूलंट खाली काढायला लागले, तर हे धावत बादली घेऊन आले.

"ताई, सांडू नका. कढीपत्त्याला घालतो!"

"दादा, विष आहे ते!"

"असू द्या हो, लातूरच्या मानसाला सांडलेलं पानी बघवत न्हाई!" मी बादली हिसकावून घेतली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

बेल्ट काढला, पंपाची पुली हलवली तर पडायला आलेल्या दातासारखी डुगडुगत होती. पंप उतरवला, जुना थर खरवडला, नवा पंप बसवला, बोल्ट समोरासमोर आवळले. मामा हात मागे बांधून उभे. एकदाही "सरक" म्हणाले नाहीत! रात्री भिजलेलीच्या जागी दुसरी घेऊन पत्रिका पुन्हा मांडल्या; दुसऱ्या दिवशी सकाळी वीसच्या वीस कोरड्या होत्या. त्याच दुपारी सर ऐन उन्हात, एसी लावून लातूरला गेले आणि तिथून फोनवर ओरडले, "तापमानाचा काटा निम्म्यावरच हाय गं पोरी!" मी फोन ठेवला आणि गॅरेजात कुणी नाही असं बघून एक गिरकी घेतली. मामा रॅकमागे होते, हे नंतर कळलं.

०००

पंधरा दिवसांनी ते चहावाले कंत्राटदार पुन्हा आले. मी एका जीपखाली आडवी, बाहेर फक्त माझे बूट दिसत होते. मामा काउंटरच्या लाल खुर्चीत बसून वहीत गाड्यांचे नंबर लिहीत होते.

"उस्ताद, गाडी तापून राहिली. जरा बघता का?"

मामांनी मान वर केली नाही.

"उस्ताद जीपखाली हायत. तुम्ही बसा, मी चहा सांगतो."