मोड न येणारं कार्ड

आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की आधी तिला टिचकी मारली जाते. भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. पत्रा किती जाड, पितळ किती चांगलं, हे बोटाच्या पेरानं वाजवून सांगणारी ही माणसं. गेवराईहून लग्न होऊन मी बीडला आले तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. दोन-तीन वर्षांत मात्र इतकं आलं की मी भाजीवालीचा भोपळासुद्धा वाजवून घेत असे, आणि वाजवल्यावर काहीतरी कळलं असं तोंडही करत असे. भोपळ्यातलं मला आजही काही कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मोड. गिऱ्हाईक जुनं भांडं आणतं, आपण ते तोलतो, त्याचे पैसे धरतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करतो. आमच्याकडे नवी घागर घेतानाच माणूस विचारतो, पुढं हिची मोड काय येईल? माझे सासरे, त्यांना घरात आणि गल्लीत सगळे अप्पा म्हणत, ते साऱ्या जगाचे दोनच भाग मानत. जिला मोड येते ती वस्तू, आणि जिला येत नाही तो खर्च. हे आधी सांगून ठेवते, कारण त्याशिवाय माझ्या धाकट्या दिराच्या गेमच्या कॉम्प्युटरची मी कशी वाट लावली ते समजायचं नाही.

तेव्हा बीडमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या होत्या, केबल येऊन जुनी झाली होती आणि बसस्टँडच्या मागं क्लासेसचं पीक आलं होतं. सायकली लावून पोरं एका क्लासमधून दुसऱ्यात जायची, आणि मधला वेळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून घालवायची. हा मधला वेळ दिरानं हेरला होता.

दीर दुकानाच्या कामाचा नव्हता. गिऱ्हाईक नुसतं म्हणालं, "थोडं कमी करा की", की हा लगेच कमी करायचा. तेही पुन्हा म्हणायची वाट न बघता. म्हणून अप्पांनी त्याला गल्ल्यावरून उठवलं आणि आठवडी बाजारांच्या टेम्पोवर घातलं. तेलगावच्या बाजारात ताडपत्री अंथरायची, तपेली मांडायची आणि ओरडायचं. ओरडणं त्याला जमत नव्हतं. घरी यायचा तेव्हा घसा बसलेला असायचा आणि अर्धी तपेली टेम्पोत तशीच असायची. त्यानं एक दिवस अप्पांना सांगितलं की गल्लीकडच्या खोलीत, जिथं आपण भांड्यांच्या पॅकिंगचं वाळलं गवत ठेवतो, तिथं गेमचा एक कॉम्प्युटर लावू. क्लासची पोरं येतील, तासावर पैसे देतील.

अप्पांना गेम म्हणजे काय ते कळलं नाही, तासावर पैसे म्हणजे काय ते कळलं. त्यांनी एक रक्कम ठरवून दिली. तीत वाढ होणार नव्हती. म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला त्या खोलीत एकतर तुझी पोरं बसतील, न्हाईतर माझे हंडे." हंडे बसले तर दीर कायमचा टेम्पोवर, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

खरेदीची जबाबदारी माझ्यावर आली, कारण घरात कॉम्प्युटरमधली जाणकार मी. मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेशन करून बैठकीत, महादेवाच्या फोटोच्या जरा खाली लावलेलं होतं. कोर्समध्ये काय शिकले म्हणाल, तर चपला बाहेर काढून आत जायचं, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. मग अक्षरं जाड करायची, तिरकी करायची, पुन्हा सरळ करायची. आणि एक वाक्य पाठ झालं होतं, प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू आहे. तो मेंदू मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण आलेल्या गेलेल्याला मी हे वाक्य चहाबरोबर द्यायची.

दसरा झाल्यावर दीर आणि मी एसटीनं औरंगाबादला गेलो. दुकान एका अरुंद जिन्यावर, वरच्या मजल्यावर होतं. सोनाराकडं दागिने मांडतात तशी काचेखाली कार्डं मांडलेली. दुकानदार माझ्याच वयाचा, कानावर पेन, बोलणं लोण्यासारखं. मी आधी कॅबिनेटना टिचक्या मारल्या. कॅबिनेट म्हणजे ज्यात सगळं बसतं तो पत्र्याचा डबा. पाच-सहा वाजवून त्यातला सगळ्यात जाड पत्र्याचा बाजूला काढला. दुकानदारानं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, हा मनातून म्हणत असेल, बाई जाणती दिसते. तो काय म्हणत असेल ते आता मला नीट कळतं.

दिरानं हळूच सांगितलं, "वहिनी, गेमला सगळा जोर कार्डाचा लागतो, पडद्यावरचं चित्र तेच काढतं. प्रोसेसर मधला घेऊ, वाचलेलं कार्डात घालू."

मी म्हटलं, मेंदू मधला घेऊन कसं चालेल? माणूस कामाला घेताना आपण असं करतो का? तो गप्प बसला. गप्प बसणं ही त्याची जुनीच खोड होती. आणि समोरचा गप्प बसला की आपलं बरोबर आहे, असं समजायची माझी.

मग मी प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून दुकानदाराला आमच्या घरचा प्रश्न विचारला, याला पुढं मोड काय येईल? त्याला आधी मोड म्हणजे काय ते सांगावं लागलं. समजल्यावर तो खुलला. नावाजलेल्या कंपनीचा वरचा प्रोसेसर काढून म्हणाला, हा वर्षानं आणला तरी कोणीही हसत घेईल. मी कार्डाचं विचारलं. "कार्डाचं काय ताई, सहा महिन्यांत दुसरं निघतं. जुन्याला कोन इचारतंय?"

झालं, माझं ठरलं. पैसे प्रोसेसरमध्ये आणि पत्र्यात. कार्ड त्याच्याकडं होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त. त्याच्यावर पंखासुद्धा नव्हता, आणि हे मला त्याच्या बाजूचं वाटलं, कारण पंखा नाही म्हणजे बिघडायचं एक कलम कमी. प्रोसेसरचा खोका, आतलं प्लास्टिक, चिठ्ठ्याचपाट्या सगळं मी मागून घेतलं. आमच्याकडं खोका टाकत नाहीत.

पुढचं सगळं सामान दुकानदारानं जोडून दिलं. बीडला न्यायचं म्हणून मी घरून आणलेल्या वाळल्या गवतात ते तांब्याच्या घंगाळासारखं बांधलं आणि मांडीवर घेऊन बसले. जाड पत्र्यानं मांड्या बधिर झाल्या. कंडक्टरनं आत काय आहे म्हणून विचारलं तेव्हा मी "मेंदू" म्हटलं असतं, पण त्यानं लगेजचं तिकीट फाडायला काढलं म्हणून "भांडी" म्हटलं. तिकीट त्यानं तरी फाडलंच.

खोली झाडून घेतली. अप्पांनी मॉनिटरला भस्माची तीन बोटं ओढली, दिरानं गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. पडद्यावर लाल गाडी उभी राहिली. दिरानं बटण दाबलं. गाडी हलली, थांबली, हलली, थांबली. वळण आलं ते आम्हाला गाडी भिंतीत घुसल्यावर दिसलं.

दीर गेमच्या सेटिंगमध्ये कुठं कुठं जाऊन चित्र हलकं करत गेला. आधी ढग काढले, मग प्रेक्षक, मग सावल्या, मग झाडं. डोंगरही काढले. शेवटी नुसता रस्ता आणि दोन्ही बाजूंना पिवळी जमीन उरली, मे महिन्यातल्या आमच्या जिल्ह्यासारखी. तिच्यातूनही गाडी दम लागल्यासारखी चालत होती.

अप्पांनी मॉनिटरला टिचकी मारली, थोडा वेळ पाहिलं आणि माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "बाई, ही गाडी धक्का स्टार्ट हाय का?"

दुसऱ्या दिवशी सुतार येऊन खोलीची मापं घेऊन गेला. हंड्यांसाठी फळ्या मारायच्या होत्या.

त्या दिवसांतली मी आठवते तेव्हा मला तिची गंमत वाटते. तिनं आधी व्होल्टेजला दोष दिला. स्टॅबिलायझर लावून झाला. मग सीडी खराब आहे म्हणाली. मग दिराची बोटं. तो बटण जोरात दाबतो म्हणून गाडी बिचकते, असंही ती बोलली, आणि कोर्सच्या सर्टिफिकेटखाली उभी राहून बोलली. यजमानांनी एकदा विचारलं की मेंदू एवढा भारी घेतलाय तर गाडी का चालत नाही. तिनं उत्तर दिलं, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो.

दीर एका संध्याकाळी टेम्पोवाल्याशी बोलून आला आणि मला सांगितलं की सोमवारपासून पुन्हा बाजार धरतो. मी विचारलं, मग हे? तो म्हणाला, "राहू द्या वहिनी. तेलगावला चहा तरी लई झ्याक मिळतो."

त्यानं मला एक शब्द उलटा बोलला असता तर मी भांडले असते आणि जिंकलेही असते. चहाशी कसं भांडायचं ते मला येत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी. मी मोडीच्या काट्यावर बसले होते. एक म्हातारी मोठा हंडा घेऊन आली. तिची दोन्ही मुलं वेगळी झाली होती. हंडा जाड, जुना, वाजवला तर देवळातल्या घंटेसारखा. मी तिला म्हटलं, असा माल आता मिळत नाही, काहून मोडता? ती म्हणाली की हा भरला तर आता उचलायचा कुणी. हंड्याच्या मोडीत तिनं एक कळशी आणि एक तपेलं घेतलं, वर काही मागितलं नाही, आणि दोन्ही दोन हातांत धरून चालती झाली. तिला पाणी किती लागतं ते तिला माहीत होतं.

मी काट्यावर तशीच बसून राहिले. पुढच्या गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली. मोड येते म्हणून मीही प्रोसेसरचा भारी हंडा घरी आणून ठेवला होता, मग तो मोडायला मला कुणी अडवलं होतं?

दुसऱ्या दिवशी दिराला घेऊन पुन्हा औरंगाबाद, पुन्हा गवत, पुन्हा एसटी, पुन्हा बधिर मांड्या. या वेळी लगेजचं तिकीट मी आपण होऊन मागितलं. दुकानदारानं कॅबिनेट उघडलं, पंख्याजवळची गवताची काडी दोन बोटांनी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. मी सांगितलं ते ऐकून त्याला काही नवल वाटलं नाही. ते पाहून मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं तर त्याच दिवशी का नाही सांगितलं?

"ताई, तुमी मोड इचारली, मी मोड सांगितली. गेम चालंल का म्हनून तुमी इचारलंच न्हाई."

मी दिराकडं पाहिलं. तो छताचा पंखा पाहत होता. विचारायला तोंड उघडलेला एकच माणूस होता, आणि त्याला मीच गप्प केलं होतं.

प्रोसेसरची मोड खरंच चांगली आली. खोका, प्लास्टिक, चिठ्ठ्या सगळं जागेवर होतं, तरी त्यानं कापायचं ते कापलं, आणि मी घासाघीस केली नाही. माझ्या आयुष्यातला हा तसा एकच व्यवहार. त्याच कंपनीचा धाकटा प्रोसेसर कॅबिनेटमधल्या त्याच बोर्डावर बसत होता. तो घेऊन आणि जुनं कार्ड जवळजवळ फुकट देऊन जे उरलं त्यात पंखा असलेलं एक बऱ्यापैकी कार्ड आलं. सगळ्यात वरचं नव्हे, त्याच्या खालचं. निवडलं दिरानं. मी दोन्ही हात पदरात धरून बसले होते, टिचकी मारायला बोट शिवशिवत होतं तरी. दुकानदारानं तिथंच गेम लावून दाखवला. झाडं परत आली, मग डोंगर. दीर वळणावर हसला. गेल्या पंधरवड्यात तो हसलेला मी पाहिला नव्हता.

पाडव्याला काट्यांची आणि वजनांची पूजा झाल्यावर अप्पा त्या खोलीत आले. सुतारानं कापून आणलेल्या फळ्या भिंतीला उभ्या होत्या. दिरानं गाडी सुरू केली. अप्पा उभ्यानंच पाहत राहिले. गाडी घाट चढली, उतरली, एकदा झाडावर आपटली, पुन्हा रस्त्याला लागली. त्यांनी विचारलं, काय बदललं? दिरानं सांगितलं, मेंदू धाकटा केला आणि कार्ड मोठं घातलं.

"त्या कार्डाला मोड काय?"

दीर माझ्याकडं पाहायला लागला. मी येताना एसटीत बसून तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही खोटी आणि तिन्ही चांगली वाजणारी. पण समोर टिचकी मारून ऐकणारा माणूस उभा होता.

"काईच न्हाई, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी कॅबिनेटला एक टिचकी मारली. मग दिराला म्हणाले, "मग जुनं व्हायच्या आत वापरून घ्या."

आणि हमालाला बोलावून फळ्या माळ्यावर टाकायला सांगितल्या.

दीर परत टेम्पोवर चढला नाही. ते कार्ड क्लासच्या पोरांनी दोन उन्हाळे झिजवलं, मग नवं आलं, मग आणखी कॉम्प्युटर आले आणि जुन्याला, दुकानदार म्हणाला होता तसं, कुणी विचारलं नाही. सगळं मोडीत काढलं तेव्हा दाम आला तो एकट्या त्या कॅबिनेटच्या जाड पत्र्याला. त्या पत्र्याची गोष्ट मी घरात आजही सांगते, आणि तेवढीच सांगते.