गादीवाल्या काकांचे थंड प्लग

गादीवाल्या काकांना पोलिसांनी सुसाट गाडी हाकताना पकडलं, ही बातमी निघाली औषधवाल्याच्या दुकानातून आणि खोकल्याच्या बाटल्यांबरोबर घरोघर पोचली. कुणी म्हणालं, पोलिसाची टोपी उडाली. कुणी म्हणालं, टोपी कसली, पोलीसच उडता उडता वाचला. खरं एवढंच होतं की पोलिसानं काकांना बाजूला घेतलं होतं, पण ते मागे तुंबलेल्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून. त्या रांगेत एक सायकलवालाही होता. घंटी वाजवून वाजवून बिचाऱ्याचा अंगठा दुखायला लागला होता.

काकांना खरं काय ते ठाऊक होतं. पण जन्मभर कापूस पिंजलेल्या, भुवयांतसुद्धा कापूस अडकलेल्या माणसाला 'सुसाट' हा शब्द पहिल्यांदाच कुणी लावला होता. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "हात आवरत नाही कधीकधी," एवढं पुटपुटले आणि गादीला टाका घालत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची!

काकांची गाडी म्हणजे चार चाकांवरची गादीच. सीटमध्ये त्यांनी स्वतः निवडून कापूस भरला होता. पाठीला उशी, कोपराला उशी, मागच्या काचेलाही एक छोटी उशी, तिला कशाची गरज होती देव जाणे. त्या गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या वळणापर्यंत जागा राहिला तर तो आजारी समजावा. घरात राज्य काकूंचं, दुकानात गिऱ्हाइकांचं. गाडीत मात्र काका बोलत आणि बाकीचे ऐकत, कारण चालत्या गाडीतून उतरून जाता येत नाही. काकांच्या गाडीतून तसं जाता आलं असतं, पण माणसं भिडेखातर बसून राहत.

अशी ही गाडी एका सोमवारी बँकेसमोरच्या चौकात आचके देत बंद पडली. आत काकू होत्या. त्यांच्या मांडीवर कुणाच्या तरी ऑर्डरच्या सहा उशा होत्या. चौकातल्या माणसांनी गाडी ढकलली, आणि ढकलणाऱ्यांत नेमके काकूंचे धाकटे बंधू निघाले. जुन्या गाड्या घ्यायच्या आणि खोलून सुट्या विकायच्या, हा या मेहुण्यांचा धंदा. काकांच्या गाडीकडे ते, बोकडाकडे खाटीक बघतो तसे, प्रेमानंच बघत.

"दाजी, तिचे हाल करू नका. मला देऊन टाका. दारं अजून चांगली आहेत."

"दारं तुमच्या डोळ्यांत भरतात, मेहुणे, आम्ही आत बसलोय ते दिसत नाही?"

पण काकूंनी एक घाव दोन तुकडे केले. "अहो, रविवारी लेकीकडे जायचंय. तिचं घर टेकडीवर. गाडी न थांबता वर पोचली, तर राहील. वाटेत थांबली, तर तिथल्या तिथे चावी माझ्या भावाच्या हातात. पुन्हा नाही मी उशा घेऊन चौकात बसणार."

काका त्या रात्री नीट जेवले नाहीत. लेक जन्मली तेव्हा तिला याच गाडीतून घरी आणलं होतं. दवाखान्यातून घर हाकेच्या अंतरावर, पण पोचेपर्यंत बाळाची एक झोप काढून झाली होती.

सकाळी त्यांनी पाना घेऊन चारही प्लग खोलले, कापसात गुंडाळले आणि पार्टवाल्या बाईंचं दुकान गाठलं. बाईंचा आवाज असा की इंजिन चालू असताना समोरच्याला ऐकू यावं, आणि इंजिन बंद असलं तरी तो खाली येत नसे. औषधवाला तिथं स्टुलावर बसला होताच. स्वतःच्या दुकानात त्याला बातम्या द्याव्या लागत, इथं मिळत.

बाईंनी एक प्लग डोळ्यांसमोर धरला. "काका, गाडी चालवता की चूल पेटवता? केवढी ही काजळी! झिजलेत पार. ठिणगी उडायची फट बघा, बोट जाईल."

"बदलायचेत. रविवारी टेकडी चढायचीय."

"मग याच नंबरचे देते. गरम प्लग." काका गोंधळलेले बघून बाईंनी समजावलं, "टोक तापलेलं राहिलं की प्लग आपली काजळी आपणच जाळतो. हळू गाडीचं इंजिन कमी तापतं, म्हणून तिला ऊब धरून ठेवणारा प्लग. सुसाट गाडीची आधीच भट्टी झालेली असते, तिला थंड. तुम्हाला आपला हा गरम. शांतपणे चालवणाऱ्यांचा."

औषधवाला स्टुलावरून पडायच्या बेताला आला. "शांतपणे? अहो बाई, काकांना पोलिसांनी धरलंय! टोपी उडवली यांनी!"

बाईंनी काकांकडे नव्या नजरेनं पाहिलं. "खरंच?"

झालं. घोडं इथं पेंड खात होतं. हळू चालवतो म्हणावं, तर औषधवाला संध्याकाळपर्यंत खोकल्याच्या बाटलीबरोबर ते वाटून मोकळा. सुसाट म्हणावं, तर... तर काय होईल हे काकांना नीट कळलं नव्हतं. जे कळलं नाही त्याची भीती वाटत नाही. त्यांनी भुवईतला कापूस काढला आणि म्हणाले, "थंड द्या."

"नक्की ना? लांब पल्ला, पाय दाबून?"

"हात आवरत नाही हो."

नवे प्लग बसले आणि गाडी सुरू झाली. दोन दिवस काकांनी गाडी घर ते दुकान, दुकान ते घर अशी त्यांच्या लाडक्या चालीनं फिरवली. तिसऱ्या दिवशी गाडीला ठसका लागला. शुक्रवारी ती एकदा शिंकली आणि मागून असा काळा धूर सोडला की समोरच्या इस्त्रीवाल्यानं वाळत घातलेल्या चादरी उचलून पुन्हा धुवायला टाकल्या. तोंडानं मात्र चकार शब्द काढला नाही. त्याला वाटलं, सुसाट गाडी अशीच असते.

शनिवारी काकांनी प्लग काढले. कोळसा! हाताला लागेल तो दातांचा ब्रश घेऊन ते घासायला बसले. ब्रश काकूंचा होता हे काकूंनीच सांगितलं, आणि पुढचं जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या प्रहरी काका पुन्हा बाईंच्या दुकानात. स्टुलावर औषधवाला होताच.

"गरम प्लग हवेत," काका हळूच म्हणाले. "माझ्यासाठी नाही. एका मित्राला."

"मित्र कसा चालवतो?"

"बेतानं."

"बेतानं म्हणजे? माणसं पुढे जातात का?"

"धावत असली तर जातात."

"आणि चालत असली तर?"

काका भुवईतला कापूस शोधू लागले. बाईंनी हात पुढे केला. "मित्राचे जुने प्लग दाखवा."

काकांनी कापसाची पुरचुंडी सोडली. आतून निघाले चार थंड प्लग, बाईंनी मंगळवारी स्वतः दिलेले, काळे कुळकुळीत. बाईंनी ते ओळखले, पण असा मासा गळाला लागल्यावर लगेच ओढायचा नसतो.

"अरेरे. या मित्राची बायको काय म्हणते?"

"गाडी मेहुण्याला द्या म्हणते. उद्या."

"मग द्यावी की! जो आपली चाल सांगायला लाजतो, त्याला मी कुठला प्लग देऊ? आज मित्र म्हणाल, उद्या शेजारी म्हणाल. ज्याची गाडी त्यानं यावं आणि सांगावं."

काकांनी औषधवाल्याकडे पाहिलं. त्यानं कान असे टवकारले होते की त्यांवर गादी वाळत घालता आली असती. एका पारड्यात सुसाटपणाची सगळी इभ्रत. दुसऱ्या पारड्यात ती गाडी, तिची दारं मेहुण्याच्या अंगणात भिंतीला टेकून उभी. जन्मात पहिल्यांदा गादीवाले काका ओरडले.

"मी हळू चालवतो! कायम हळू चालवतो! तो पोलीस मला म्हणाला, काका, एकतर गाडी चालवा नाहीतर उभी करा!"

रस्त्यावरची माणसं थांबली. औषधवाला दुकान सोडून पळाला, बातमी शिळी व्हायच्या आत पोचवायला. बाईंनी गरम प्लग काढून फट मोजली, जरा हातानं नीट केली आणि डबी काकांच्या हातात ठेवली. "हे एवढं मंगळवारी बोलला असता, तर माझे चार प्लग वाचले असते," त्या म्हणाल्या. आवाज मात्र खाली आला होता, हे नवलच.

रविवारी सकाळी मेहुणे स्वतःच्या नव्या गाडीतून हजर. बरोबर जाड दोर. "दाजी, मी मागे मागे येतो. थांबलात की तिथंच बांधून नेतो." औषधवाल्याच्या कृपेनं सगळ्या गल्लीला सगळं कळलं होतं आणि माणसं गॅलरीत येऊन उभी होती. काकांनी कुणाकडे पाहिलं नाही. काकू पुढे बसल्या.

चढ लागला. काकांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी गुरगुरत, न ठसकता, न शिंकता चढू लागली. चाल त्यांची, म्हणजे रस्त्याकडेला बसलेलं मांजरही उठलं नाही. काका एक अक्षर बोलत नव्हते. काकूंचा हात दाराच्या मुठीवर होता. पहिल्या वळणाला तो सुटला, आणि दुसऱ्या वळणाला काकू घोरू लागल्या.

मागे मेहुण्यांची नवी गाडी. तिला ही चाल जमेना. पुढे जायला रस्ता अरुंद. अर्धा क्लच दाबून धरायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. लेकीचं घर दिसायला लागलं तेव्हा मागून जळका वास आला. क्लच जळला होता.

काकांनी गाडी थेट लेकीच्या फाटकाशी नेऊन उभी केली. काकू दचकून जाग्या झाल्या. "थांबली?"

"पोचली," काका म्हणाले.

जरा वेळानं मेहुणे चढ चढून पायी आले, घामाघूम, खांद्यावर दोर. "दाजी, इतकं हळू कोण चालवतं हो? माझा क्लच गेला! ताई, तू तरी सांग यांना!"

काकूंनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा खालच्या वळणावर धुमसणाऱ्या नव्या गाडीकडे, आणि पदर तोंडाला लावून घरात गेल्या.

काकांनी चावी खिशात टाकली, खिसा वरून थोपटला आणि म्हणाले, "दोर आणलात ते फार बरं केलंत, मेहुणे. आता बांधायचा कुठल्या गाडीला, तेवढं तुमच्या ताईला विचारून घ्या."