पांढरी राख

माझ्या संशोधनाचा विषय सांगायची वेळ आली की मी जरा टाळाटाळच करते. फरश्या म्हटलं की समोरचा माणूस लगेच आपल्या बाथरूमची गळती सांगायला लागतो. खरं काम एवढंच, की फरशीच्या मातीत गारगोटीची पूड घालतात, तिच्या जागी मी भाताच्या तुसाची राख घालायचे. राख आयती, वाया जाणारी, आणि तिच्यामुळे फरशी कमी आचेवर पक्की भाजून निघायची. नाशिकच्या कॉलेजात पीएचडीची तीन वर्षं मी हेच करत होते आणि फरश्या सुरेख होत होत्या.

राख यायची पेठजवळच्या एका पोह्यांच्या भट्टीवरून. तिथे जळण म्हणून तूसच घालतात आणि राख मागच्या ओढ्याकाठी टाकून देतात. भट्टीच्या मालकीणबाईंनी पहिल्याच फोनवर हो म्हटलं होतं. मग एसटीने गोणी यायची आणि स्टँडवरून मी ती स्कूटरच्या पुढ्यात ठेवून आणायचे. राख कशी, तर तांदळाच्या पिठासारखी पांढरी आणि मऊ.

दिवाळीनंतर तरुण संशोधकांच्या परिषदेत माझं भाषण ठरलं. पुढची फेलोशिप त्यावर अवलंबून होती. ती हुकली तर सातपूरच्या एखाद्या कारखान्यात नोकरी धरायची, हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. भाषणात दाखवायला भट्टीचे फोटो हवेत म्हणून मी पहिल्यांदाच पेठला गेले.

ओढ्याकाठचा ढीग काळाकुट्ट होता. ही दुसरी कसली तरी राख असेल, असं मला वाटलं. मग बाई मला घरामागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे पत्र्यावर तुसाचा वेगळा ढीग धुमसत होता आणि शेजारी त्यांची सून पांढरी राख चाळत बसली होती.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठीच की. भट्टीची राख लय घाण. कॉलेजच्या म्याडमला ती कशी द्यायची? चांगलं कोरडं तूस बाजूला काढून ठेवतो आम्ही."

"एरवी या तुसाचं काय करता?"

"कोंबड्यांवाले नेत होते, खुराड्यात अंथरायला. तुमचं काम निघाल्यापासून त्यांना नाय म्हणतो."

म्हणजे माझी वाया जाणारी राख माझ्यासाठी मुद्दाम जाळली जात होती, तीही उपयोगी पडणाऱ्या तुसाची. मी चहा घेतला, त्यांनी आग्रहाने दिलेले पोहे घेतले आणि ओढ्याकाठची काळी राख पिशवीत भरली. बाईंना ते मुळीच आवडलं नाही. परतीच्या बसमध्ये मला सणसणीत राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तूस तेच, राखही तुसाचीच," ते म्हणाले, "कुठे जाळलं हे कोण विचारणार आहे?" खरंच कुणी विचारलं नसतं. म्हणूनच ते मला जास्त खुपलं.

काळ्या राखेच्या फरश्या कॉलेजच्या विजेच्या भट्टीत फुगल्या. फोडून पाहिल्या तर आतून कोळशासारख्या. जळायचा राहिलेला कोळसा आत अडकत होता. तो निघावा म्हणून आच हळूहळू चढवली तर फरश्या बऱ्या निघाल्या, पण वाचवलेली वीज तिथेच संपून वर आणखी लागली. परिषदेत मी दोन्ही फरश्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि झालं ते सांगितलं. परीक्षकांनी प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक केलं आणि फेलोशिप दुसऱ्याला दिली. मला वाईट वाटलं, आणि त्या कौतुकाचा तर वैताग आला.

परिषदेहून नाशिकला आल्यावर मी बाईंना फोन केला. म्हटलं, आता गोणी पाठवू नका, माझ्यासाठी वेगळं काही जाळू नका, तूस कोंबड्यांवाल्यांनाच देत जा.

"राखेत काय खोट निघाली का म्याडम?" त्यांनी विचारलं. "पुढची गोणी अजून पांढरी करून धाडते."