बरं राहण्याची गोळी

भूकंपात घर पडलं तशा सासूबाई लातूरला आल्या आणि शिकवणीच्या पोरांसाठी मेस काढली. फार वर्षांनी मी लोह्याहून सून होऊन आले, ती थेट चुलीपुढंच बसले. भाकऱ्या माझ्या, डबे पोचवायचं काम मालकांचं.

वर्षभरानं मालकांनी मला सांगितलं, त्यांना एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत. लग्नाआधी का नाही बोललात, यावर नुसते रडले. लई राग आला होता मला. तरी राहिले, कारण माणूस वाईट नव्हता आणि मला लेकरू हवं होतं. माझी तपासणी केली, मी ठणठणीत निघाले. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी मलाही रोज एक गोळी लावून दिली. म्हणाल्या, "त्यांच्या गोळ्या आजार दाबून ठेवायला. तुमची, तो तुम्हाला लागूच नये म्हणून."

मालकांच्या गोळ्या गाडीच्या डिक्कीत असायच्या. मी मोठा शहाणपणा करून माझी डबी ज्वारीच्या कोठीत लपवली. सासूबाई दळण काढायला गेल्या आणि ती त्यांच्या हाताला लागली. मला न विचारता त्या मेडिकलवर गेल्या. दुकानदार म्हणाला, ही एड्सची गोळी.

त्या दिवसापासून मला पिठाला हात लावू दिला नाही. माझं ताट मोरीपाशी. मालक आईच्या ताटात जेवायचे, मान खाली घालून. मी म्हणाले, "सांगा ना त्यांना." तर म्हणे, "आईला झेपायचं न्हाई. थोडे दिवस सोसून घे." कसले थोडे दिवस!

शेवटी सासूबाईंनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. "तुमची पोरगी रोग घेऊन आली," म्हणाल्या. वडिलांनी मला विचारलं, "खरं हाय का?" मी मालकांकडं पाहिलं. ते डबे बांधून राहिले होते. बांधून झाले तशी पिशवी उचलली आणि निघून गेले.

एसटीत मी वडिलांना सगळं सांगितलं. आजार कुणाला, मला गोळी कशासाठी, सगळं. ते खिडकीबाहेर बघत "हाव, हाव" म्हणत होते. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी पटलं.

आमच्या घरी सगळे एकाच तांब्यानं वरून पाणी पितात. आईनं तांब्या भरून माझ्यापुढं आणला. वडिलांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. ती आत गेली आणि माझ्यासाठी कागदी ग्लास घेऊन आली.